कारण काय सांगू?

"गाव कुठलं?"

"म्हाळुंगे."

"अरे वा, मग ऑफिसला चालत येत असशील!"

हिंजवडीत टीम बदलली की हा संवाद एकदा होतोच. बालेवाडीच्या स्टेडियमजवळचं म्हाळुंगे वेगळं, चाकणच्या कंपन्यांमधलं म्हाळुंगे इंगळे वेगळं, आणि आमचं वेगळं. आमचं महाळुंगे पडवळ, तालुका आंबेगाव, मंचरजवळ. एवढं सांगूनही समोरच्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, तर शेवटचं अस्त्र काढतो, "बाबू गेनूंचं गाव." यावर अस्सल पुणेकर म्हणतो, "म्हणजे मंडईजवळचा गणपती?" असो.

आमच्या गावात वाढलेल्या कुठल्याही पोराला बाबू गेनूंची गोष्ट झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येते. गरीब शेतकऱ्याच्या घरचा मुलगा, पोटासाठी मुंबईला जातो, गिरणीत लागतो, स्वातंत्र्याच्या चळवळीत ओढला जातो. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला परदेशी कापड घेऊन निघालेल्या ट्रकसमोर आडवा होतो. ट्रक थांबत नाही. वय २२. पाचवीत असताना मी यावर भाषण केलं होतं आणि ट्रकच्या जागी आल्यावर आवाज इतका चढवला की पुढचं सगळं विसरलो. टाळ्या मिळाल्या त्या त्यामुळेच असाव्यात.

परवा डोक्यात आलं की या गोष्टीत लग्न हा विषय कुठे येतच नाही. १९३० साली आमच्या भागातल्या बावीस वर्षांच्या पोराचं लग्न हा घरच्यांच्या दृष्टीने काय जिव्हाळ्याचा विषय असेल! पण भाषणात, पुस्तकात, पारावरच्या गप्पांत, कुठेच कुणी ते विचारत नाही. हुतात्म्याला विचारायची ती गोष्टच नव्हे.

मी एकोणतीस वर्षांचा आहे. हुतात्मा नाही. त्यामुळे एसटीतून उतरून घरी पोहोचेपर्यंत मला सरासरी चार जण विचारतात.

तर आता मूळ मुद्दा. मला लग्न करायचं नाही, कारण मला कुणाबद्दलच ती ओढ वाटत नाही. मुलींबद्दल नाही, मुलांबद्दलही नाही. माणसं आवडतात, माया लागते, दोन मित्र तर असे आहेत की त्यांच्यासाठी रात्री दोनला खोपोलीला बाईक घेऊन गेलो आहे. पण तुम्ही ज्याला 'तसं' म्हणता, ते नाही. इंग्रजीत याला असेक्शुअल म्हणतात. मराठीत 'अलैंगिक' असा शब्द करतात. तो मी पहिल्यांदा वाचला नववीच्या जीवशास्त्रात, अमीबाच्या धड्यात. तेव्हा तो आपल्याला लागू पडेल असं वाटलं नव्हतं.

काहीतरी निराळं आहे हे मात्र त्याच सुमाराला कळलं. नारायणगाव आमच्यापासून लांब नाही. पाडव्याच्या सुमाराला तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक आपापल्या यात्रेची सुपारी द्यायला येतात. आमच्या यात्रेतही फड आला होता. दहावीची परीक्षा नुकतीच संपलेली, आम्ही पाच-सहा जण पुढे जाऊन बसलो. लावणी सुरू झाली आणि माझ्या शेजारची चांगली शहाणीसुरती पोरं एकदम वेगळीच झाली. शिट्ट्या काय, फेटे काय! मी ढोलकीवाल्याच्या बोटांकडे बघत होतो. खरंच सांगतो, तो काय वाजवत होता! मला वाटलं, हे सगळे अभिनय करताहेत. सिनेमात बघून शिट्ट्या मारायला शिकलेत आणि आता मारताहेत. मग मीही मारली एक. पुढची आठ-नऊ वर्षं मारत राहिलो. चोविसाव्या वर्षी एका रात्री तो शब्द वाचला, तेव्हा कळलं की ती पोरं अभिनय करत नव्हती.

त्यानंतर मी इंजिनियर माणूस करतो तेच केलं. शोधायला लागलो की हा प्रकार आधी कुणाच्या बाबतीत घडला आहे का आणि तेव्हा लोकांनी काय केलं. चार-पाच वर्षं मिळेल ते वाचतोय. आजचा लेख त्यातून आलेला आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, की इतिहासातल्या कुणालाही ओढून 'हा आमच्यातला' म्हणणार नाही. ज्याने स्वतः सांगितलं नाही त्याच्या मनातलं आपण ठरवायचं नाही. मी बघत होतो ते दुसरंच. एखादा माणूस 'नको' म्हणाला, तर आपला समाज त्याला कुठल्या खान्यात ठेवतो?

पहिला खाना व्रताचा. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण अर्थात समर्थ रामदास. जांब गाव, वय वर्षं बारा, बोहल्यावर उभे, भटजी 'सावधान' म्हणतात आणि नारायण सावध होऊन पळतो तो थेट नाशिकजवळ टाकळीला. आख्यायिका असेल, पण महाराष्ट्रातल्या प्रत्येक लग्नात तिची आठवण काढून नवरदेवाची थट्टा होते. म्हणजे लग्नातून पळण्याचा किस्सा आपल्याला मान्य आहे, अट एवढीच की पळून रामापाशी जायचं. नुसतंच पळून घरी येऊन झोपला असता तर?

विसाव्या शतकातलं उदाहरण विनोबांचं. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला म्हणून मुंबईला निघाले आणि वाटेत सुरतेला उतरून काशीला गेले, ब्रह्मजिज्ञासेसाठी. पुढे बाळकोबा आणि शिवाजी हे दोघे धाकटे भाऊही आजन्म ब्रह्मचारी राहिले. एका घरातले तीन मुलगे! त्यांच्या घरी नातेवाईक काय बोलत असतील याची मी कल्पना करून बघितली आणि मला बरं वाटलं.

पण ब्रह्मचर्य ही गोष्ट मला लागू होत नाही, हे समजायला जुन्नरच्या लेण्यांत जावं लागलं. जुन्नरच्या भोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास लेणी आहेत, एवढी एका ठिकाणी दुसरीकडे क्वचितच असतील. आपण लेण्याद्रीला गणपतीसाठी जातो, पण ते मुळात बौद्ध भिक्षूंचं राहण्याचं ठिकाण. छोट्या छोट्या खोल्या, आत दगडी बाक, एका माणसाला झोपता येईल एवढा. मला ती खोली बघून माझी पीजी आठवली. वाटलं, बरं होतं की, मीही भिक्षू झालो असतो. घरी येऊन विनयपिटकाबद्दल वाचलं. ज्या चार अपराधांनी भिक्षू संघातून कायमचा बाहेर जातो, त्यातला पहिलाच मैथुनाचा. चोरी दुसरी, मनुष्यवध तिसरा.

या पहिल्या नियमाची जी कथा सांगतात ती फार विलक्षण आहे. सुदिन्न नावाचा श्रीमंत घरातला तरुण भिक्षू होतो. एकुलता एक. काही काळाने तो गावाकडे येतो तर आई त्याला म्हणते, परत घरी ये. तो नाही म्हणतो. मग आई म्हणते, निदान वंशाला मूल तरी दे, नाहीतर आपली सगळी मालमत्ता लिच्छवी घेऊन जातील. आणि आईच्या शब्दाखातर तो आपल्या पूर्वाश्रमीच्या बायकोकडे जातो. नंतर त्याला पश्चात्ताप होतो, गोष्ट बुद्धांपर्यंत जाते, आणि नियम होतो. अडीच हजार वर्षांपूर्वीची कथा, पण आईचे संवाद जसेच्या तसे! फक्त लिच्छवींच्या जागी आमच्याकडे चुलते आहेत.

मुद्दा असा की व्रत त्यालाच घ्यावं लागतं ज्याला मोह आहे. एकादशीला उपास करणाऱ्याला भूक लागते, म्हणून तर त्याचं पुण्य. ज्याला भूकच लागत नाही त्याने मी उपास करतो म्हणून मिरवणं ही लबाडी झाली. मला गेल्या वर्षी मामा म्हणाले होते, "सांगून टाक ना लोकांना, मी ब्रह्मचर्य पाळतो म्हणून. मान मिळेल." मामांचा हेतू चांगला होता. पण मी पाळत काहीच नाही हो. माझ्याकडे पाळायला काही नाही.

दुसरा खाना दोषाचा. इथे फार रमायची माझी इच्छा नाही, पण आपल्या शास्त्रकारांनी त्यात बरंच रमून काम केलं आहे. नारदस्मृतीत विवाहाच्या प्रकरणात पुरुषत्व नसलेल्यांचे चौदा प्रकार सांगितले आहेत. चौदा! त्यातले कुठले बरे होणारे, कुणासाठी किती थांबायचं, हेही. मनुस्मृतीत क्लीबाला वारसाहक्कातून वगळलं आहे, फक्त पोटाला द्यावं म्हटलं आहे. इतकी बारीक वर्गवारी आहे, पण ती सगळी 'जमतं की नाही' याची. 'हवं आहे की नाही' हा स्तंभच त्या तक्त्यात नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा, त्यातही कलम १२ प्रमाणे नपुंसकतेमुळे शरीरसंबंध झाला नसेल तर विवाह रद्द ठरवता येतो. मला एका डॉक्टरांकडे नेलं होतं तेव्हा त्यांनीही हेच केलं. रक्त तपासलं, रिपोर्ट नॉर्मल आला, आणि ते आईला आनंदाने म्हणाले, "काही प्रॉब्लेम नाही, करून टाका लग्न." आईने येताना पेढे घेतले होते. त्या पेढ्यांची चव अजून जात नाही.

आमच्यासारख्या प्रोग्रामरांना शून्य आणि नल यातला फरक पहिल्या महिन्यात शिकवतात. शून्य ही किंमत आहे, नल म्हणजे किंमतच भरलेली नाही. त्या डॉक्टरांना रकाना रिकामा दिसला आणि त्यांनी आपल्या मनाने त्यात नेहमीचा आकडा भरून टाकला. माझ्या मते तिथे शून्य लिहिलेलं होतं.

या दोन्ही खान्यांच्या बाहेर उभं राहून, कोर्टात, सगळ्या महाराष्ट्रासमोर 'नको' म्हणणारी एक व्यक्ती मात्र होऊन गेली. रखमाबाई. पुन्हा सांगतो, त्यांना मी आमच्या गटात घालत नाही. त्यांचा नकार एका विशिष्ट माणसाला आणि एका विशिष्ट रूढीला होता. पण त्या खटल्यात नकाराचं काय झालं हे वाचण्यासारखं आहे.

अकराव्या वर्षी लग्न झालं, दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या मुलाशी. रखमाबाई सासरी गेल्याच नाहीत, आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडे राहून शिकत राहिल्या. १८८४ साली दादाजींनी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला की बायको नांदायला पाठवा. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. त्यांचं म्हणणं साधं होतं. हे दोघं कधी एकत्र राहिलेलेच नाहीत, तर 'परत' नांदायला पाठवायचं कशाचं? अजाण वयात लग्न लागलेल्या बाईला तिच्या मनाविरुद्ध त्या पुरुषाच्या स्वाधीन करणं त्यांना रानटीपणाचं वाटलं. त्यावर केवढा गदारोळ! 'केसरी'तून टिळकांनी रखमाबाईंच्या विरोधात लिहिलं. अपील झालं, निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाते.

त्यांचं वय तेव्हा बावीस होतं.

शेवटी १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरतेत आणि राजकोटला आयुष्यभर काम केलं, पुन्हा लग्न केलं नाही. इथपर्यंत गोष्ट शाळेच्या पुस्तकात घालण्यासारखी आहे. मला त्रास होतो तो खटल्यात मांडलेल्या कारणांचा. नवऱ्याची गरिबी, त्याची प्रकृती, संमतीशिवाय झालेलं लग्न. सगळी खरी, सगळी योग्य. पण समजा नवरा सधन असता, धडधाकट असता, लग्न अठराव्या वर्षी झालं असतं आणि तरी ती बाई म्हणाली असती की मला हे नको आहे, तर पिन्हेसाहेबांनी काय केलं असतं? वकिलाने काय लिहून दिलं असतं? 'नको' या शब्दाला कोर्टात उभं राहायला नेहमी दुसऱ्या कारणाचा खांदा लागतो.

आणखी एक योगायोग. रखमाबाई वारल्या १९५५ च्या सप्टेंबरात. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा मंजूर झाला होता आणि त्याच्या नवव्या कलमात नांदायला पाठवण्याची तीच तरतूद होती, आता नवरा-बायको दोघांसाठी. १९८३ साली आंध्र प्रदेश हायकोर्टाने ती घटनाबाह्य ठरवली, १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा वैध. ती आजही पुस्तकात आहे.

इथे दुसरी बाजू न मांडणं अप्रामाणिक होईल. सुप्रीम कोर्टाने २००७ च्या समर घोष खटल्यात मानसिक क्रूरतेची उदाहरणं दिली, त्यात एक असं आहे की शारीरिक अडचण किंवा रास्त कारण नसताना जोडीदाराने एकतर्फी दीर्घकाळ शरीरसंबंध नाकारणं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा चरफडलो. म्हटलं, म्हणजे मी जन्मजात क्रूर? मग डोकं शांत झाल्यावर त्या दुसऱ्या माणसाचा विचार केला. मंचर, जुन्नर, खेडमधली कुणीतरी एम.कॉम. झालेली मुलगी, जिला माझ्याबद्दल काही न सांगता माझ्या गळ्यात माळ घालायला लावतील. तिला ओढ असेल. तिने ती कुठे न्यायची? दोन वर्षांनी ती कोर्टात गेली तर मी तिच्याच बाजूने साक्ष देईन. 'करून टाक, होईल सगळं नीट' म्हणणाऱ्या माणसांना ती मुलगी दिसतच नाही. मी एकटा अदृश्य असतो तर एक वेळ चाललं असतं.

आता र. धों. कर्वे. मी त्यांचा चाहता आहे, 'ध्यासपर्व' पाहिलेल्या प्रत्येकाने व्हावं. गणिताचे प्राध्यापक, १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढतात, त्यापायी कॉलेजची नोकरी सोडावी लागते, १९२७ च्या जुलैपासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवतात ते १९५३ साली मरेपर्यंत. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापून उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये खटला झाला तेव्हा त्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर. हरले, दोनशे रुपये दंड. ज्या काळात लोक स्वतःच्या बायकोचं नाव घेत नव्हते त्या काळात हा माणूस स्त्रीलाही कामसुखाचा हक्क आहे असं छापत होता. मराठीत या विषयावर सरळ बोलता येतं हे कर्व्यांनी दाखवलं नसतं तर मी हा लेख लिहू शकलो नसतो.

कर्व्यांच्या बरोबर उलट टोकाला गांधीजी. संततिनियमनाची साधनं त्यांना अजिबात मान्य नव्हती, उपाय एकच, संयम. १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेतून मार्गारेट सँगर मुद्दाम वर्ध्याला येऊन त्यांना भेटल्या. जगभर संततिनियमनाची चळवळ चालवणारी बाई आणि ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेला महात्मा, विदर्भातल्या त्या गावात बसून नवरा-बायकोच्या संबंधांवर वाद घालताहेत. सँगरबाई म्हणतात, प्रेम करणाऱ्या नवरा-बायकोला वर्षानुवर्षं दूर राहा म्हणून कसं सांगणार? गांधीजी म्हणतात, मूल हवं असेल तेवढाच संबंध, बाकी वासना. दोघंही आपल्या जागी ठाम. बाई तशाच परत गेल्या.

मी हे सगळं एखाद्या मॅचसारखं वाचत होतो, कर्वे आणि सँगर यांच्या बाजूने टाळ्या पिटत. आणि मध्येच लक्षात आलं की दोन्ही टीम एकाच पिचवर खेळताहेत. गांधीजी म्हणतात वासना प्रत्येकात आहे, तिला जिंका. कर्वे म्हणतात वासना प्रत्येकात आहे, ती भुकेसारखी नैसर्गिक आहे, तिला दाबाल तर आजारी पडाल. 'प्रत्येकात आहे' यावर वाद नाहीच! सनातनी आणि सुधारक, आश्रम आणि दवाखाना, सगळ्यांचं गृहीतक एक. भांडण फक्त पुढच्या पायरीचं. गणिताच्या प्राध्यापकाकडून तरी मला शून्याची अपेक्षा होती. कर्व्यांवर हा माझा एकमेव राग आहे, आणि तोही लाडाचा.

परदेशात फार वेगळं नव्हतं, एवढंच की तिथे कुणीतरी मोजत होतं. अमेरिकेत किन्सी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने, जो आधी गांधीलमाश्यांच्या जातभाईंवर संशोधन करत होता, १९४८ आणि १९५३ साली माणसांच्या लैंगिक वर्तनावर दोन जाडजूड ग्रंथ काढले. शून्य ते सहा अशी पट्टी केली, एका टोकाला फक्त भिन्नलिंगी ओढ, दुसऱ्या टोकाला फक्त समलिंगी. काही लोक कुठेच बसेनात, तर त्यांच्यासाठी पट्टीच्या बाहेर एक अक्षर ठेवलं, 'एक्स'. मग पुढे निघून गेला. आमची पहिली शास्त्रीय नोंद म्हणजे एक फुली. १९७७ मध्ये मायरा जॉन्सन या बाईंनी अशा स्त्रियांवर लिहिलं तेव्हा शीर्षकातच 'अदृश्य' हा शब्द होता. २००१ साली डेव्हिड जे या कॉलेजातल्या मुलाने इंटरनेटवर अशा लोकांना एकत्र आणलं. २००४ मध्ये बोगार्ट या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने १८ हजारांहून जास्त ब्रिटिश लोकांच्या पाहणीतून शंभरात साधारण एक असा आकडा काढला. तो आपल्याकडे तसाच लावता येणार नाही, पण आमच्या कॅन्टीनमध्ये दुपारी एक वाजता रांगेत उभा असलो की मी डोकी मोजतो.

आपल्याकडे इतकं गप्प का, याचं मला सुचलेलं कारण सांगतो. इतिहास कागदांवर लिहितात आणि कागद तयार होतात ते बहुतेक भांडणातून. समलिंगी माणसांच्या वाट्याला ३७७ कलम आलं, त्यापायी पोलीस, खटले, मोर्चे, आणि ६ सप्टेंबर २०१८ चा निकाल. फार भोगलं त्यांनी, पण कागद तयार झाला. आमच्यावर कुणी गुन्हाच ठेवला नाही. गुन्हा नाही म्हणून खटला नाही, खटला नाही म्हणून निकालपत्र नाही. पुरुष असेल तर 'साधू माणूस' किंवा 'त्याच्यात काहीतरी कमी आहे', एवढ्यावर भागलं. आणि बाई असेल तर तिला तर कुणी विचारलंच नाही. तिला ओढ नसणं हे चांगल्या घरचं लक्षण समजत, लग्न लावून देत, चार मुलं होत. किती जणी अशा गेल्या असतील, याचा कागद कुठल्या कचेरीत मिळणार?

आमच्या भावकीत एक तात्या होते. लग्न केलं नव्हतं. ऑइल इंजिन दुरुस्त करायचे, आठ-दहा गावांत त्यांच्यासारखा कारागीर नव्हता. त्यांच्याबद्दल गावात तीन गोष्टी होत्या. एक म्हणजे त्यांनी आळंदीला माळ घालताना शपथ घेतली होती. दुसरी, तरुणपणी कुण्या मुलीने नकार दिला. तिसरी बायका आपसात बोलायच्या आणि मी आलो की थांबायच्या. तात्या गेले तेव्हा मी बारावीत होतो. त्यांच्याकडून मी इंजिन उघडायला शिकलो, मी इंजिनियर झालो त्यात त्यांचा वाटा आहे. पण त्यांना 'तात्या, तुम्ही लग्न का नाही केलं' हे मी कधी विचारलं नाही. परवा आजीला विचारलं, "तुम्ही कुणी विचारलं होतं का गं त्यांना?"

आजी म्हणाली, "आरं, समद्यांना म्हाईत व्हतं की."

"काय माहीत होतं?"

आजी बराच वेळ शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, "तसं काय न्हाई. आपलं कारण आसंल काहीतरी."

दिवाळीत मी आईला सगळं सांगितलं. शब्दासकट. नलबिल नाही, साध्या भाषेत. ती रडली नाही, याची मला भीती होती. तिने एवढंच विचारलं की म्हातारपणी तुला कोण बघणार, आणि त्याचं उत्तर माझ्याकडेही नाही, तिला तसंच सांगितलं. दोन आठवड्यांनी तिचा फोन आला. खेडच्या स्थळाकडून पुन्हा विचारणा आली होती.

"मी त्यांना सरळ सांगितलं, त्याला लग्न करायचं नाही."

"मग?"

"मग त्या बाई म्हणाल्या, का हो?"

"मग?"

"मला काही सुचेना रे. मी हॅलो हॅलो करून फोन ठेवून दिला. त्यांना वाटलं असेल रेंज गेली."